परळचे दोन दरवाजे: पाठीचं ऑपरेशन करणारा सर्जन घडतो कसा?

हेडफोन लावून लोकलमध्ये उभे असाल तर जरा सरळ उभे राहा, कारण आजचा भाग मणक्यांबद्दल आहे. पाठदुखीचे उपाय मात्र सांगणार नाही, ते यूट्यूबवर ढीगभर सापडतील. आज आपण इतिहास बघणार आहोत. पाठीच्या कण्यावर सुरी चालवणारा माणूस तयार कसा होतो, त्याला कोण शिकवतं, आणि या सगळ्यात आपल्या परळचा काय वाटा आहे?

हा विषय डोक्यात शिरला तो घरामुळे. गेल्या वर्षी बाबांच्या कंबरेच्या मणक्यांत नसांचा मार्ग अरुंद झाल्याचं निदान झालं. शंभर पावलं चालले की पाय जड व्हायचे, मग कठड्याला टेकून वाकून उभं राहायचं. आम्ही दोन सर्जनना दाखवलं. पहिले हाडांचे, दुसरे मेंदूचे. दोघंही म्हणाले, "हे ऑपरेशन मी करतो." बाहेर आल्यावर आई म्हणाली, "अरे, पाठ एक आणि डॉक्टर दोन प्रकारचे कसे?" दोघांच्या पाटीवर नावापुढे अक्षरांची मालगाडी होती, त्यातलं एक अक्षरही आम्हाला कळत नव्हतं.

मी पेशानं सॉफ्टवेअर इंजिनिअर. एखादी सिस्टिम अशी विचित्र का आहे ते कळत नसेल, तर आम्ही तिची जुनी हिस्टरी उघडून वाचतो. कुठला बदल कुणी केला, कधी आणि कशासाठी. तेच इथे करू या.

भायखळा, १८४५

सुरुवात परळला होत नाही, भायखळ्याला होते. ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडलेलं सर जमशेटजी जीजीभॉय हॉस्पिटल, म्हणजे आपलं जेजे, १८४५ साली सुरू झालं. कॉलेजला ज्यांचं नाव दिलं ते गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट तोपर्यंत हयातही नव्हते, १८३८ मध्येच ते वारले होते. १८५१ साली पहिले विद्यार्थी पदवी घेऊन बाहेर पडले, त्यांत एक होते डॉ. भाऊ दाजी लाड. राणीच्या बागेतल्या म्युझियमला ज्यांचं नाव आहे, तेच.

त्या काळातली सर्जरी म्हणजे काय, ते डोळ्यांसमोर आणा. कॉलेज सुरू झालं तेव्हा ईथरची भूल देऊन केलेलं बोस्टनचं ते प्रसिद्ध ऑपरेशन व्हायचं होतं, ते १८४६ चं. जंतुनाशक वापरून ऑपरेशन करण्याची लिस्टरची पद्धत आली १८६७ मध्ये. एक्स-रेचा शोध १८९५ चा. भूल नाही, जखमेत पू होणं ठरलेलं, आणि आत काय चाललंय ते दिसत नाही. अशा वेळी कुणाची पाठ कोण उघडणार? सर्जन हात-पाय कापायचे, गळू फोडायचे, मूतखडा काढायचे. मणका ही लांबून बघायची वस्तू होती.

दुसरी अडचण वैद्यकीय नव्हती. शिकवायचं कुणी, हा प्रश्न होता. सरकारी मेडिकल कॉलेजातल्या वरच्या जागा इंडियन मेडिकल सर्व्हिसच्या अधिकाऱ्यांसाठी असायच्या, आणि त्या सर्व्हिसची परीक्षा व्हायची लंडनमध्ये. कागदोपत्री हिंदी माणसाला बंदी नव्हती. पण बोटीचा खर्च, तिकडं राहण्याचा खर्च आणि त्यावर परीक्षा, हे किती जणांना झेपणार? त्यामुळे मुंबईचा हुशार मुलगा डॉक्टर व्हायचा, पण प्रोफेसर व्हायची वाट त्याला जवळजवळ बंद असायची. आता सर्जरी पुस्तकातून येत नाही, हाताखाली राहून येते. ज्याला शिकवणाऱ्याच्या जागी उभं राहता येत नाही, त्याची विद्या त्याच्याबरोबरच संपते.

या सगळ्या काळाबद्दल सविस्तर वाचायचं असेल तर डॉ. सुनील पंड्या यांचं ग्रँट मेडिकल कॉलेज आणि जेजेच्या इतिहासावरचं जाडजूड इंग्रजी पुस्तक आहे. हे पंड्या स्वतः केईएमचे न्यूरोसर्जन. पुढे त्यांचं नाव परत येणार आहे.

एक देणगी आणि एक अट

आता चला परळला. १९१२ साली मुंबईत कॉलेज ऑफ फिजिशियन्स अँड सर्जन्स ही संस्था निघाली. लंडनच्या रॉयल कॉलेजसारखी आपली परीक्षा आपण घ्यायची, ही त्यामागची कल्पना. आज तिचं ऑफिस परळलाच आहे, टाटा हॉस्पिटलच्या शेजारी.

पण खरा बदल झाला तो शेठ गोरधनदास सुंदरदास यांच्या ट्रस्टच्या देणगीनं. मेडिकल कॉलेजसाठी पैसे देताना ट्रस्टींनी अट घातली: शिकवणारे सगळे पात्र हिंदी डॉक्टर असले पाहिजेत, आणि ते सरकारी नोकरीतले नसले पाहिजेत. म्हणजे आयएमएसच्या साहेबांसाठी दार बंद. १९२५ मध्ये कॉलेज सुरू झालं, १९२६ च्या जानेवारीत शेजारी महानगरपालिकेचं केईएम हॉस्पिटल उघडलं. गंमत बघा, हॉस्पिटलचं नाव इंग्लंडच्या राजाचं, आणि आत शिकवायला एकही इंग्रज नको. पहिले डीन होते डॉ. जीवराज मेहता, जे पुढे १९६० मध्ये गुजरातचे पहिले मुख्यमंत्री झाले.

जागाही बघा कुठली निवडली. आजूबाजूला गिरण्या. लालबाग, करी रोड, शिवडी, काळाचौकी इथल्या चाळींत एकेका खोलीत आठ-दहा माणसं. पाळी संपवून गिरणीतून आलेला माणूस ज्या जागेवर झोपायचा, त्याच जागेवरून पुढच्या पाळीचा माणूस नुकताच उठून गेलेला असायचा. माझे आजोबा अशाच एका खोलीत राहिले. इथे आजार कमी पडणार नव्हते, आणि शिकायला आलेल्या डॉक्टरला पेशंटही कमी पडणार नव्हते. हे वाक्य थोडं कडू आहे, मला माहीत आहे. त्याकडे आपण परत येऊ.

१९३० मध्ये ब्रिटनच्या जनरल मेडिकल कौन्सिलनं हिंदुस्थानातल्या वैद्यकीय पदव्यांची मान्यता काढून घेतली. त्यानंतर १९३३ च्या कायद्यानं आपल्याकडं मेडिकल कौन्सिल आलं. तरी पुढची कितीतरी वर्षं सर्जनला मोठं व्हायचं तर इंग्लंडला जाऊन एफआरसीएस करून यावं लागे. दादर-गिरगावात जुन्या दवाखान्यांच्या पाट्या बघा, 'एफआरसीएस (इंग्लंड)' असं ठळक अक्षरांत लिहिलेलं सापडेल. शिक्षणाची बोट एकाच दिशेनं जात होती.

मणक्याची सर्जरी जन्मली क्षयातून

आज पाठीचं ऑपरेशन म्हटलं की आपल्याला 'स्लिप डिस्क' आठवते. पण कण्याची सर्जरी सुरू झाली ती टीबीमुळे. क्षयाचा जंतू मणक्यात शिरला की मणका पोखरला जातो, ढासळतो, पाठीला कुबड येतं, आणि मज्जारज्जूवर दाब आला की पाय जातात. या आजाराला 'पॉट्स डिसीज' म्हणतात, कारण १७७९ मध्ये पर्सिव्हल पॉट या लंडनच्या सर्जननं त्याचं वर्णन केलं.

१९११ मध्ये न्यूयॉर्कला रसेल हिब्ज आणि फ्रेड अल्बी या दोघांनी वेगवेगळं काम करून एकच गोष्ट साधली: सडत चाललेले मणके एकमेकांना जोडून टाकायचे. अल्बी तर पायाच्या नडगीचं हाड काढून पाठीत बसवायचे. पुढे अमेरिकेत पोलिओनं मुलांच्या पाठी वाकड्या केल्या, तेव्हा ह्यूस्टनच्या पॉल हॅरिंग्टन यांनी धातूची सळई बसवून कणा सरळ करायची पद्धत काढली. तिचा अहवाल १९६२ चा. मग फ्रान्सच्या रॉय-कामिय यांनी मणक्याच्या मागच्या बाजूनं, हाडाच्या एका अरुंद खांबातून स्क्रू घालायला सुरुवात केली.

टीबीच्या बाबतीत मात्र एक वळण आलं, आणि ते शिकण्यासारखं आहे. १९५६ मध्ये हाँगकाँगच्या हॉजसन आणि स्टॉक यांनी पुढच्या बाजूनं, छाती उघडून, सडलेला मणका साफ करायचं मोठं ऑपरेशन दाखवलं. सगळ्यांना वाटलं, आता प्रत्येक पेशंटला हेच. पण औषधं सुधारत गेली तसं दिसलं की बरेचसे पेशंट नुसत्या गोळ्यांनी बरे होतात. १९७५ मध्ये वाराणसीच्या डॉ. तुली यांनी 'मधला मार्ग' मांडला: आधी औषधं, आणि नसांचा धोका वाढला किंवा औषधांनी काम झालं नाही तरच सुरी. भारतातल्या गर्दीच्या हॉस्पिटलांमधून आलेला हा विचार. सर्जनला सुरी कशी धरायची हे शिकवायला काही वर्षं लागतात. ती खाली कधी ठेवायची हे शिकवायला त्याहून जास्त.

आईच्या प्रश्नाचं उत्तर

आता दोन दरवाज्यांकडे येऊ. पाठीत दोन गोष्टी आहेत. बाहेर हाड, आत नस. हाडाचा मालक ऑर्थोपेडिक सर्जन, नसेचा मालक न्यूरोसर्जन. मणका ही अशी जागा आहे, जिथं दोघांच्या हद्दी एकमेकांत शिरतात. कोडच्या भाषेत बोलायचं तर एकाच फाइलचे दोन ओनर.

आणि हे दोघे येतात वेगवेगळ्या वाटांनी. एमबीबीएस दोघांचंही साडेपाच वर्षांचं, इंटर्नशिप धरून. मग हाडांचा डॉक्टर तीन वर्षं एमएस ऑर्थो करतो. त्यात तो मांडीचं हाड, खुबा, गुडघा, मनगट सगळं शिकतो आणि त्यातला थोडा वेळ मणक्याला मिळतो. दुसरा आधी तीन वर्षं जनरल सर्जरी आणि मग तीन वर्षं न्यूरोसर्जरीचं एमसीएच करतो. त्याचा बराच वेळ मेंदूत जातो, गाठी, रक्तस्राव, अपघात, आणि उरलेला मणक्यात. एकाला हाड, स्क्रू, सळई यांची चांगली सवय. दुसऱ्याला मायक्रोस्कोपखाली नसेला धक्का न लावता काम करायची. पाठीला दोन्ही लागतात.

इतिहासात बघा, मोठी पावलं कधी पडली. १९३४ मध्ये बोस्टनच्या एकाच हॉस्पिटलातल्या मिक्स्टर आणि बार या दोघांनी दाखवून दिलं की पाय धरणारी ती भयंकर कळ, म्हणजे सायटिका, ही मणक्यांमधली चकती फुटून नसेवर दाबल्यामुळे येते. मिक्स्टर न्यूरोसर्जन होते, बार ऑर्थोपेडिक. दोन दरवाजे एकाच वेळी उघडले तेव्हा आपल्याला 'स्लिप डिस्क' कळली.

केईएम, पहिला आणि दुसरा मणका

भारतात न्यूरोसर्जरीचा पहिला विभाग १९४९ मध्ये वेल्लोरला डॉ. जेकब चँडी यांनी सुरू केला, पाठोपाठ मद्रासला डॉ. राममूर्ती. मुंबईत १९५० च्या दशकात केईएममध्ये डॉ. होमी दस्तूर यांनी हा विभाग उभा केला. त्यांच्यानंतर आले तेच डॉ. सुनील पंड्या. त्यांनी हा विभाग वाढवला, आणि त्याच जोडीला डॉक्टरांच्या नीतिमत्तेवर आयुष्यभर लिहिलं. पेशंटला खरं सांगणं, त्याची संमती घेणं, औषध कंपन्यांपासून अंतर ठेवणं हे त्यांचे विषय.

याच विभागात डॉ. अतुल गोयल काम करत होते. त्यांचा विषय होता मानेच्या अगदी वरचा सांधा. आपला पहिला मणका अंगठीसारखा गोल आहे, त्याच्यावर डोकं टेकलेलं असतं. दुसऱ्या मणक्याला दातासारखा एक खुंट आहे, तो त्या अंगठीत घुसलेला असतो, आणि त्याच्याभोवती मान फिरते. तुम्ही आत्ता 'नाही' म्हणून मान हलवलीत ना, त्यातली जवळजवळ अर्धी हालचाल या एका जागी झाली. हा सांधा सैल झाला, मग तो जन्मजात दोष असो, अपघात असो, टीबी असो की संधिवात, तर आतला मज्जारज्जू चिरडतो. हात-पाय लुळे पडतात, श्वासही जाऊ शकतो. आणि बाजूनंच मेंदूकडे जाणारी धमनी वळण घेऊन वर चढते. चुकायला जागा नाही.

पूर्वी इथे तार गुंडाळायचे. मग १९८० च्या दशकात स्वित्झर्लंडच्या माग्रेल यांनी दोन्ही मणके एकाच तिरक्या स्क्रूनं जोडायची पद्धत काढली, पण ती प्रत्येकाच्या हाडात बसत नसे. केईएममध्ये १९८८ च्या सुमारास वेगळा विचार सुरू झाला: दोन्ही मणक्यांत वेगवेगळे स्क्रू घालायचे आणि ते बाहेरून पट्टीनं जोडायचे. १९९४ मध्ये याचा निबंध युरोपातल्या एका न्यूरोसर्जरीच्या नियतकालिकात छापून आला. लेखक दोन: गोयल आणि लाहेरी. डॉ. लाहेरी हे केईएमचेच, पण ऑर्थोपेडिक विभागातले. बोस्टननंतर बरोबर ६० वर्षांनी, परळमध्ये, तेच दोन दरवाजे.

२००१ मध्ये जर्मनीच्या हार्म्स यांनी त्याच तत्त्वावर, पट्टीऐवजी सळई आणि फिरत्या डोक्याचे स्क्रू वापरून आपला निबंध लिहिला, आणि ही पद्धत जगभर पसरली. काही काळ तिला फक्त हार्म्सचं नाव होतं. २००२ मध्ये गोयल यांनी १६० पेशंटचा अनुभव छापला. आज पाठ्यपुस्तकांत ती 'गोयल-हार्म्स' म्हणून ओळखली जाते. म्हणजे कुठल्यातरी दूरच्या देशात मानेच्या सर्जरीचं शिक्षण घेणारा मुलगा आज जे शिकतो, त्यातला एक धडा आचार्य दोंदे मार्गावरच्या महानगरपालिकेच्या हॉस्पिटलात लिहिला गेला. १९२५ मध्ये 'शिकवणारे आपले असावेत' म्हणणाऱ्या त्या ट्रस्टींना हे कळलं असतं तर बरं वाटलं असतं.

जवळच, सायन हॉस्पिटलात, डॉ. प्रेमानंद रामाणी होते. गोव्याच्या खेड्यातला मुलगा, इंग्लंडला न्यूकॅसलमध्ये शिकला, परत येऊन महापालिकेच्या हॉस्पिटलात शिकवू लागला. पाठीमागून जाऊन खराब चकती काढायची आणि दोन मणक्यांमध्ये हाड बसवून ते जोडायचे, हे ऑपरेशन त्यांनी भारतात रुजवलं. त्यांचं मराठी आत्मचरित्र आहे, 'ताठ कणा'. त्यावर त्याच नावाचा सिनेमाही आला.

फेलोशिप म्हणजे नक्की काय?

आता पाटीवरच्या अक्षरांकडे येऊ. एमएस ऑर्थो किंवा एमसीएच न्यूरो झालेल्या डॉक्टरला फक्त मणकाच करायचा असेल तर तो पुढे फेलोशिप करतो. राष्ट्रीय परीक्षा मंडळाची, म्हणजे एनबीईची, स्पाइन सर्जरीची एफएनबी दोन वर्षांची असते. विशेष म्हणजे तिथं दोन्ही दरवाज्यांतून प्रवेश आहे: ऑर्थोवाला पण येऊ शकतो, न्यूरोवाला पण. हिशोब करा. ऑर्थोच्या वाटेनं साडेपाच अधिक तीन अधिक दोन, साडेदहा वर्षं. न्यूरोच्या वाटेनं साडेतेरा. मधले एंट्रन्स परीक्षांचे ड्रॉप आणि सरकारी बॉण्डचं वर्ष धरलं नाही. माझ्या वयाचे, बारावीला माझ्याबरोबर असलेले काही मित्र अजून शिकतायत, आणि मी सहा वर्षं पगार घेतोय.

मग त्या दोन वर्षांत करतात काय? एका रेसिडेंट मित्रानं मला फार छान समजावलं. पाठीच्या स्क्रूचंच बघ, म्हणाला. मणक्याच्या मागच्या भागातून पुढच्या भागाकडे जाणारा हाडाचा एक खांब असतो. स्क्रू त्याच्या आतून न्यायचा. कंबरेत ही वाट बऱ्यापैकी रुंद, पण छातीच्या मधल्या मणक्यांत ती चार-पाच मिलीमीटरची असू शकते. आतल्या बाजूला मज्जारज्जू. सर्जन आधी बोथट टोकाच्या सळईनं वाट पाडतो, मग गोल टोकाची बारीक तार आत घालून चारही भिंती आणि तळ चाचपतो. भिंत फुटली असेल तर बोटाला कळतं. "ते कळणं" कुठल्याही व्हिडिओत येत नाही. आधी शेजारी उभं राहून बघायचं, मग एक बाजू सरांनी आणि दुसरी आपण, मग सगळं आपण आणि सर समोर. प्रत्येक ऑपरेशनची नोंद लॉगबुकात.

आणि अर्धं शिक्षण ऑपरेशन थिएटरच्या बाहेर होतं. एमआरआयमध्ये फुगलेली चकती दिसते, पण पेशंटचं दुखणं त्याच चकतीचं आहे का? ७० वर्षांच्या बाईंची हाडं ठिसूळ आहेत, स्क्रू धरेल का? फक्त नसेवरचा दाब काढून भागेल की मणके जोडायलाच हवेत? मज्जारज्जू साधारण कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो, खाली घोड्याच्या शेपटीसारखा नसांचा झुबका असतो. त्यामुळे वर धोका वेगळा, खाली वेगळा. हे सगळं डोक्यात एकत्र बसायला वेळ लागतो.

कुणाच्या पाठीवर शिकतात?

आता त्या कडू वाक्याकडे. आमच्या धंद्यात नवीन मुलगा कोड लिहितो तेव्हा तो आधी टेस्ट सर्व्हरवर चालतो. फुटला तर फुटला. सर्जनचा टेस्ट सर्व्हर कुठला?

एक आहे मृतदेह. १९४९ चा बॉम्बे अ‍ॅनाटॉमी अ‍ॅक्ट सांगतो की बेवारस मृतदेह मेडिकल कॉलेजांना शिकण्यासाठी देता येतात. बेवारस कोण असतो या शहरात? फुटपाथवर मेलेला, रुळांवर सापडलेला, गावाहून एकटाच आलेला. म्हणजे कितीतरी डॉक्टरांनी आपला पहिला मणका ज्या माणसाच्या शरीरात बघितला, त्याचं नावही कुणाला माहीत नव्हतं. आता देहदान वाढतंय, ते चांगलंच आहे.

दुसरा आहे महापालिकेच्या हॉस्पिटलातला पेशंट. तिथं खाटा कमी, माणसं जास्त. लोकलमधून पडलेला, बांधकामावरून पडलेला, कोकणातून किंवा मराठवाड्यातून कुणाच्यातरी ओळखीनं आलेला. त्याच्यावर ज्येष्ठ सर्जनच्या नजरेखाली तरुण डॉक्टर शिकतो. यात लपवण्यासारखं काही नाही, जगभर असंच चालतं, आणि शिकवणारा समोर उभा असेल तर पेशंटला त्याचा फायदाही होतो, कारण एका पाठीवर चार डोळे असतात. अडचण तेव्हा येते, जेव्हा शिकवणारे कमी पडतात आणि शिकणारा ३० तास जागा असतो. केंद्र सरकारच्या १९९२ च्या रेसिडेंट डॉक्टरांच्या नियमावलीत सलग १२ तासांपेक्षा जास्त ड्यूटी नको असं म्हटलेलं आहे. कुठल्याही रेसिडेंटला विचारा, तो हसेल.

आणि तिसरी गोष्ट, जिचा मी हा भाग तयार करताना सगळ्यात जास्त विचार केला. शिकायला लागतात गरिबांच्या पाठी, पण शिकून झाल्यावर तो हात जातो कुठे? फेलोशिप देणारी बरीच ठिकाणं आज खासगी किंवा ट्रस्टची हॉस्पिटलं आहेत. तिथं शिकलेला माणूस तिथंच किंवा तशाच ठिकाणी राहतो. यात त्या डॉक्टरला दोष देऊन मी मोकळा होणार नाही, साडेतेरा वर्षं शिकलेल्या माणसालाही घर चालवायचं असतं. पण उलट वाट धरणारेही आहेत. डॉ. शेखर भोजराज यांनी सुरू केलेल्या द स्पाइन फाउंडेशनचे सर्जन मुंबईहून गडचिरोलीला जातात, बंग दांपत्याच्या 'सर्च'मध्ये, आणि तिथल्या शेतमजुरांच्या पाठी बघतात, ऑपरेशन करतात. मुंबईनं जे उचललं, त्यातलं थोडं परत जातंय.

तर मग पाटीवर काय वाचायचं?

हे सगळं वाचून झाल्यावर आम्ही परत दोघांपैकी एका सर्जनकडे गेलो. कुठल्या दरवाज्यातून आलेले, ते सांगत नाही, कारण त्यानं फरक पडत नाही हेच तर मला कळलं होतं. बाबांनी तीन प्रश्न विचारले, तुम्हीही विचारू शकता. एक, तुम्ही फक्त मणकाच करता की बाकी कामही, आणि मणक्याचं वेगळं शिक्षण कुणाच्या हाताखाली घेतलंत? दोन, नेमकं हेच ऑपरेशन तुम्ही किती वेळा केलंय? तीन, ऑपरेशन नाही केलं तर काय होईल?

चांगला सर्जन या प्रश्नांनी चिडत नाही. आमचे डॉक्टर तर खुर्ची पुढे ओढून बसले, कागदावर मणका काढला, आणि तिसऱ्या प्रश्नाला म्हणाले, "काका, सहा महिने व्यायाम करून बघू. लघवीचा ताबा गेला किंवा पायातली ताकद कमी झाली तर मात्र त्याच दिवशी यायचं." बाबा सध्या सकाळी शिवाजी पार्कला फेऱ्या मारतात, मध्ये दोनदा कट्ट्यावर बसतात.

पुढच्या भागात आपण परळमध्येच राहणार आहोत. केईएमपासून चालत जाण्याइतक्या अंतरावर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. पूर्वी तिथं मुंबईच्या गव्हर्नरचा बंगला होता आणि १८९९ मध्ये तिथं प्लेगच्या लशीची प्रयोगशाळा आली. ती गोष्ट पुढच्या वेळी. तोपर्यंत, लॅपटॉप मांडीवर घेऊन पलंगावर पडू नका. भेटू.